द्रव्यविज्ञानाचे पदवीस्तरीय अध्यापन : वर्ग, प्रयोगशाळा आणि पडदा

अभियांत्रिकीच्या पदवी अभ्यासक्रमात द्रव्यविज्ञान, म्हणजे महाविद्यालयीन व्यवहारात ज्याला मटेरियल्स सायन्स म्हणतात तो विषय, धातुशास्त्राची शाखा सोडल्यास बहुतेक विद्यार्थ्यांच्या वाट्याला एकदाच येतो. आणि त्या एका सत्रात स्फटिकरचनांपासून संमिश्रांपर्यंत सारे काही उरकण्याच्या घाईत तो व्याख्यांचा, तक्त्यांचा आणि पाठ करून विसरण्याच्या आकृत्यांचा विषय होऊन बसतो. वास्तविक यंत्र, पूल, विजेची तार, कृत्रिम सांधा किंवा संगणकाची चकती यांपैकी कोणतीही वस्तू घडवणाऱ्या अभियंत्याला हा विषय आयुष्यभर लागतो, कारण कोणती वस्तू कशाची करावी आणि ती का तुटली, हे दोन्ही प्रश्न याच विषयाचे आहेत. प्रस्तुत लेखात हा विषय शिकवणाऱ्या, विशेषतः नव्याने शिकवू लागलेल्या, अध्यापकांसाठी वर्गातील, प्रयोगशाळेतील आणि ऑनलाइन अध्यापनाची एक सुसंगत पद्धत मांडली आहे. तिचा गाभा असा की, प्रत्येक पाठात, प्रत्येक प्रयोगात आणि प्रत्येक परीक्षेत विद्यार्थ्याला कारणांच्या एकाच साखळीवरून स्वतः चालायला लावले पाहिजे.

विषयाचा कणा

ही साखळी चार कड्यांची आहे. प्रक्रिया म्हणजे द्रव्य ओतणे, ठोकणे, तापवणे, थंड करणे इत्यादी क्रिया. अंतर्रचना म्हणजे अणूंच्या मांडणीपासून डोळ्यांना दिसणाऱ्या कणांपर्यंत द्रव्याची सर्व पातळ्यांवरील घडण. गुणधर्म म्हणजे कठिनता, तन्यता, विद्युत्‌वाहकता यांसारखी मोजता येणारी वैशिष्ट्ये. आणि कामगिरी म्हणजे प्रत्यक्ष वापरात ती वस्तू किती काळ व किती विश्वासाने टिकते ते. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने 1989 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात ही चार अंगे चतुष्फलकाच्या चार शिरोबिंदूंवर मांडली, आणि तेव्हापासून जगभरच्या अभ्यासक्रमांत ती आकृती पहिल्या पाठात दाखवली जाते. अडचण एवढीच की बहुतेक ठिकाणी ती पहिल्या पाठात दाखवून पुढे विसरली जाते.

साखळी जिवंत ठेवण्यासाठी एकच उदाहरण संपूर्ण सत्रभर पुन्हा पुन्हा वापरणे उपयुक्त ठरते, आणि त्यासाठी सुमारे 0.76 टक्के कार्बन असलेल्या साध्या पोलादाइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. या पोलादाचा तुकडा लालभडक तापवून भट्टीतच सावकाश थंड होऊ दिला, तर त्यात शुद्धप्राय लोहाचे व लोह-कार्बाइडाचे एकाआड एक पातळ थर असलेली पर्लाइट नावाची रचना तयार होते आणि विकर्स मापनश्रेणीवर त्याची कठिनता 200 च्या आसपास येते. तोच तुकडा तापलेल्या स्थितीतून थेट पाण्यात बुडवला, म्हणजे लोहार ज्याला पाणी देणे म्हणतात ती क्रिया केली, तर कार्बनाचे अणू बाहेर पडण्यापूर्वीच स्फटिक जागच्या जागी रूप पालटतो, मार्टेन्साइट ही अत्यंत कठीण व ठिसूळ रचना तयार होते आणि कठिनता 800 च्या पुढे जाते. रासायनिक घटक तेच, वजन तेच, फरक केवळ थंड होण्याच्या वेगाचा. एवढी एक गोष्ट विद्यार्थ्याच्या मनात पक्की बसली, तर ‘कोणता धातू’ या प्रश्नाच्या जोडीला ‘तो कसा घडवलेला’ हा प्रश्न तो आपोआप विचारू लागतो.

विद्यार्थ्याच्या आधीच्या समजुती

विद्यार्थी वर्गात रिकामे मन घेऊन येत नाही. रोजच्या अनुभवातून आणि बारावीच्या रसायनशास्त्रातून बनलेल्या अनेक समजुती त्याच्यापाशी असतात, आणि त्या तपासल्याशिवाय वर चढवलेले ज्ञान परीक्षेनंतर गळून पडते. अमेरिकेतील ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीतील स्टीफन क्राउस व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा समजुती शोधण्यासाठी मटेरियल्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी ही बहुपर्यायी प्रश्नावली विकसित केली असून, तिच्या धर्तीवर स्वतःच्या वर्गासाठी आठ-दहा प्रश्नांची चाचणी पहिल्याच आठवड्यात घेणे प्रत्येक अध्यापकाला शक्य आहे. वारंवार आढळणाऱ्या चुकीच्या समजुती मोजक्याच आहेत : ताठपणा आणि बळकटी एकच आहे असे मानणे, कठीण वस्तू चिवटही असणारच असे गृहीत धरणे, धातूतील कण म्हणजे अणू किंवा रेणू असा गोंधळ करणे, आणि प्रावस्था, म्हणजे एकसारखी रचना व एकसारखे घटकप्रमाण असलेला द्रव्याचा भाग, केवळ घन, द्रव व वायू अशा तीनच असतात असे धरून चालणे.

यांतील पहिली समजूत सर्वांत चिवट आहे. तिच्यासाठी वर्गाला पुढील प्रश्न विचारावा : एकाच मिश्रपोलादाच्या दोन सारख्या सळ्या आहेत, त्यांपैकी एक तापानुशीतन केलेली, म्हणजे तापवून सावकाश थंड केलेली व म्हणून मऊ, आणि दुसरी पाणी देऊन मग बेताने पुन्हा तापवलेली व म्हणून बळकट, दोन्हींच्या टोकाला सारखाच हलका भार टांगला, तर जास्त कोणती वाकेल? बहुसंख्य विद्यार्थी मऊ सळीकडे बोट दाखवतात. प्रत्यक्षात भार काढताच सळी पूर्ववत होते त्या मर्यादेत दोन्ही जवळजवळ सारख्याच वाकतात, कारण ताठपणा दर्शवणारा यंगचा गुणांक अणूंमधील बंधांवर अवलंबून असतो आणि पोलादासाठी तो सुमारे 200 ते 210 गिगापास्कल इतकाच राहतो; उष्णता-उपचाराने बदलते ते कायमचे वाकू लागण्याचे प्रतिबल, म्हणजे दर एकक क्षेत्रफळावरील अंतर्गत बलाची ती मर्यादा, आणि ती काही मिश्रपोलादांत कित्येक पटींनी वाढवता येते.

असे प्रश्न विचारण्याची एक शिस्तबद्ध रीत हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझूर यांनी 1990 च्या दशकात रूढ केली. तीत विद्यार्थी आधी एकट्याने विचार करून उत्तर नोंदवतो, नंतर शेजाऱ्याला आपले कारण पटवून देण्याचा प्रयत्न करतो, त्यानंतर दुसऱ्यांदा उत्तर नोंदवतो आणि अखेरीस अध्यापक स्पष्टीकरण देतो. उत्तर नोंदवण्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. चार रंगांची कार्डे पुरतात, ऑनलाइन वर्गात मतदानाची सोय पुरते. अशा सक्रिय पद्धतींचा परिणाम तपासणारा, 225 अभ्यासांचा एकत्रित आढावा स्कॉट फ्रीमन व सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात केवळ व्याख्यानांवर चालणाऱ्या विज्ञान-अभियांत्रिकीच्या वर्गांत अनुत्तीर्ण होण्याचे सरासरी प्रमाण 33.8 टक्के, तर सक्रिय अध्ययनाच्या वर्गांत 21.8 टक्के आढळले. अभ्यासक्रम पुरा होणार नाही या भीतीने प्रश्नोत्तरांना फाटा देणाऱ्या अध्यापकाने ही आकडेवारी ध्यानात ठेवावी.

पाठांचा क्रम आणि त्यामागील तर्क

प्रचलित पाठ्यपुस्तके अणुरचनेपासून सुरुवात करून क्रमाक्रमाने मोठ्या रचनांकडे जातात. हा क्रम तर्कशुद्ध असला, तरी तो विद्यार्थ्याला आठवडेच्या आठवडे ‘हे कशासाठी’ या प्रश्नाचे उत्तर देत नाही. म्हणून प्रत्येक घटकाची सुरुवात एखाद्या खऱ्या अपयशाने किंवा खऱ्या गरजेने करावी आणि मग सिद्धांताकडे वळावे. जानेवारी 1943 मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड बंदरात स्कनेक्टडी हे नवे तेलवाहू जहाज सागरी चाचण्यांहून परतल्यावर, शांत पाण्यात उभे असतानाच मोठ्या आवाजासह जवळजवळ दुभंगले. या घटनेपासून सुरुवात केली, की थंडीत काही पोलादे ठिसूळ का होतात, वितळजोडातील खाचा धोकादायक का ठरतात आणि चार्पी चाचणीत, म्हणजे लंबकाच्या एका आघाताने खाच पाडलेला नमुना तोडून शोषलेली ऊर्जा मोजण्याच्या चाचणीत, निरनिराळ्या तापमानांना मोजणी का करावी लागते, हे तिन्ही मुद्दे एका धाग्यात येतात. तसेच 1954 मध्ये आकाशात फुटलेल्या कॉमेट जातीच्या दोन प्रवासी विमानांची कथा शिणवट्याच्या, म्हणजे वारंवार बदलणाऱ्या भाराखाली हळूहळू वाढणाऱ्या भेगांच्या, घटकाला जोडता येते. पाण्याच्या टाकीत ठेवून दाबाची आवर्तने दिलेल्या तशाच विमानाच्या सांगाड्याने कारण कसे उघड केले, हे सांगताना तपासाची पद्धतही शिकवली जाते.

सिद्धांताच्या भागात सर्वाधिक वेळ डिसलोकेशन या संकल्पनेला द्यावा. स्फटिकातील अणूंच्या रांगांमध्ये एक अर्धवट रांग घुसल्यासारखा जो रेषीय दोष असतो त्याला डिसलोकेशन म्हणतात, आणि ही संकल्पना का लागली हे ऐतिहासिक क्रमाने सांगितल्यास ती सहज पटते. याकोव्ह फ्रेंकेल यांनी 1926 मध्ये परिपूर्ण स्फटिकाचे थर एकमेकांवरून सरकवण्यासाठी लागणाऱ्या प्रतिबलाचा हिशेब मांडला, तेव्हा तो आकडा प्रत्यक्ष धातूंच्या मोजमापांपेक्षा शेकडो-हजारो पटींनी मोठा निघाला. ही विसंगती सोडवण्यासाठी 1934 मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे असे सुचवले की सगळा थर एकदम सरकत नाही, दोष पुढे सरकत जातो. आणि 1956 मध्ये केंब्रिजमध्ये हर्श, हॉर्न व व्हेलन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे दोष हलताना दाखवले. एवढे कळल्यावर धातू बळकट करण्याच्या सर्व रीती म्हणजे डिसलोकेशनच्या वाटेत अडथळे उभे करण्याच्या रीती आहेत, हे एक सूत्र हाती येते : कण बारीक करून सीमा वाढवणे, परके अणू विरघळवणे, ठोकून किंवा ओढून डिसलोकेशनांचीच गर्दी करणे आणि सूक्ष्म अवक्षेप निर्माण करणे. शेवटच्या रीतीसाठी आल्फ्रेड विल्म यांनी 1906 मध्ये ॲल्युमिनियम-तांबे-मॅग्नेशियम मिश्रधातूत पाहिलेली, थंड केल्यानंतर काही दिवसांनी आपोआप वाढणारी कठिनता सांगावी. पुढे ड्युरॅलुमिन या नावाने तो मिश्रधातू विमानबांधणीत आला.

प्रावस्था आकृती : पाठांतराऐवजी वाचन

लोह-कार्बन प्रावस्था आकृती, म्हणजे कोणत्या तापमानाला व किती कार्बन असताना कोणत्या प्रावस्था समतोलात नांदतात हे दाखवणारा नकाशा, हा या विषयातील सर्वांत जास्त घोकला जाणारा आणि सर्वांत कमी समजणारा भाग आहे. येथे पूर्ण झालेली आकृती पडद्यावर एकदम दाखवू नये. अध्यापकाने कोऱ्या फळ्यावर प्रथम शुद्ध लोहाचा उभा अक्ष काढावा, त्यावर 912, 1394 आणि 1538 अंश सेल्सिअस ही रूपांतराची व वितळण्याची तापमाने मांडावीत, मग कार्बन मिसळत गेल्यावर प्रत्येक बिंदूपासून रेषा कशा निघतात ते सावकाश दाखवावे आणि विद्यार्थ्यांनी वहीत बरोबरीने काढावे. पोलादाची तार विजेच्या प्रवाहाने तापवून नंतर थंड होऊ दिली, तर रूपांतराच्या क्षणी तिची लांबी उलट दिशेने बदलते आणि बाहेर पडणाऱ्या उष्णतेने ती क्षणभर पुन्हा उजळते. हा प्रयोग अंधाऱ्या खोलीत अध्यापकाने स्वतः करून दाखवला, तर नकाशावरची रेषा ही खरी घटना आहे हे विद्यार्थ्याला कायमचे पटते.

त्यानंतर तरफेचा नियम, म्हणजे दोन प्रावस्थांचे परस्पर प्रमाण काढण्याची रीत, प्रत्यक्ष आकडेमोडीने करून घ्यावी. समजा पोलादात 0.40 टक्के कार्बन आहे आणि ते 727 अंशांच्या किंचित खाली समतोलात आणले आहे. आधी तयार झालेल्या फेराइटचे, म्हणजे जवळजवळ शुद्ध लोहाच्या मऊ प्रावस्थेचे, प्रमाण 0.76 वजा 0.40 याला 0.76 वजा 0.022 ने भागून सुमारे 49 टक्के येते आणि उरलेले 51 टक्के पर्लाइट असते. लगेच दुसरा प्रश्न विचारावा : मग याच पोलादात एकूण फेराइट किती? येथे अनेक जण 49 टक्केच म्हणतात. पर्लाइटच्या थरांतही फेराइट असतेच, त्यामुळे एकूण प्रमाण 6.70 वजा 0.40 याला 6.70 वजा 0.022 ने भागून सुमारे 94 टक्के निघते, हे स्वतः काढल्यावर प्रावस्था आणि अंतर्रचनेचा घटक यांतील भेद विद्यार्थ्याच्या हाती लागतो. शेवटी हेही ठामपणे सांगावे की या नकाशात वेळ हा अक्षच नाही, म्हणून पाणी दिलेल्या पोलादातील मार्टेन्साइट त्यात कोठेही सापडत नाही. रूपांतराचा वेग दाखवणाऱ्या आकृत्यांची गरज तेथूनच सुरू होते.

प्रयोगशाळा आणि परिसर

प्रयोगशाळेत ठरावीक प्रयोगांची ठरावीक यादी पार पाडण्यापेक्षा एकच नमुना साखळीच्या चारही कड्यांतून नेणे अधिक शिकवते. विद्यार्थ्यांच्या एका गटाने पोलादाचा एक तुकडा घ्यावा, त्याचे भाग करून प्रत्येकाला निराळा उष्णता-उपचार द्यावा, प्रत्येकाची कठिनता मोजावी, नंतर पृष्ठभाग घासून-चकचकीत करून नायटलने, म्हणजे अल्कोहोलमधील सुमारे 2 टक्के नत्राम्लाने, कोरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा आणि दिसलेल्या रचनेवरून मोजलेल्या कठिनतेचे कारण लिहावे. पृष्ठभाग घासण्यात हात बसायला वेळ लागतो, ओरखडे ही रचना समजली जाते, जास्त कोरले गेल्याने सारे काळे दिसते. या चुकाही शिक्षणाचाच भाग असल्याने त्यासाठी वेळापत्रकात मोकळीक ठेवावी.

ताणचाचणीत एक बारकावा आवर्जून दाखवावा. यंत्राच्या जबड्याच्या हालचालीवरून विकृती, म्हणजे मूळ लांबीच्या तुलनेत झालेला बदल, काढली तर पोलादाचा यंगचा गुणांक 210 ऐवजी फारच कमी येतो, कारण नमुन्याबरोबर यंत्राचे भाग व पकडीही थोड्या ताणल्या जातात. खरी विकृती मोजण्यासाठी नमुन्यावरच बसवलेले विस्तारमापक लागते. ‘प्रयोग चुकला’ असे म्हणून पुस्तकातला आकडा वहीत उतरवण्याची सवय मोडण्याची ही उत्तम संधी आहे.

महाविद्यालयाबाहेरचा परिसर हीदेखील प्रयोगशाळाच आहे. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर होणारे मठारकाम पाहिले, तर ठोकण्याने तांबे कठीण होत जाते आणि पुढे आकार देण्यासाठी ते पुन्हा तापवून मऊ का करावे लागते, हे कारागिराच्या हातांतून दिसते. कोल्हापूर परिसरातील ओतशाळांमध्ये बिडाच्या ओतकामात ग्रॅफाइटचा आकार पत्र्यांसारखा आहे की गोळ्यांसारखा यावर भागाचा चिवटपणा कसा ठरतो, ते समजते. आणि कोकणच्या किनाऱ्यावरील गंजलेले पत्रे व काँक्रीटमधील फुगलेल्या सळया क्लोराइडांमुळे होणाऱ्या संक्षारणाचा धडा देतात. त्याच्या जोडीला दिल्लीच्या सुमारे सोळाशे वर्षे जुन्या लोहस्तंभाचे उदाहरण घ्यावे. त्याच्या लोहातील जास्त फॉस्फरसामुळे पृष्ठभागावर संरक्षक थर तयार झाला, हे आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमणियम यांनी अभ्यासून मांडले आहे. अशा भेटींपूर्वी विद्यार्थ्यांना तीन-चार नेमके प्रश्न लिहून द्यावेत आणि भेटीनंतर साखळीच्या भाषेत एक पान लिहून घ्यावे. एरवी भेट सहल होऊन जाते.

ऑनलाइन अध्यापन : काय पडद्यावर, काय हातात

ऑनलाइन अध्यापनाचे नियोजन करताना एकच कसोटी लावावी : जे डोळ्यांनी व पेन्सिलीने शिकता येते ते पडद्यावर न्यावे, आणि जे हाताने शिकावे लागते ते विद्यार्थ्याच्या घरापर्यंत पोहोचवावे. एका तासाचे व्याख्यान तसेच्या तसे ध्वनिचित्रित करणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत निष्फळ वाट आहे. एडएक्स या व्यासपीठावरील अभ्यासक्रमांत विद्यार्थी चित्रफिती कशा पाहतात याचा जो मोठा अभ्यास फिलिप गुओ व सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केला, त्यात चित्रफीत कितीही लांब असली तरी ती पाहण्याचा मध्यक वेळ सुमारे 6 मिनिटांच्या वर जात नाही असे दिसले. म्हणून प्रत्येक चित्रफितीत एकच मुद्दा घ्यावा, ती पाच-सहा मिनिटांत संपवावी, आकृती हाताने काढत जावी आणि शेवटी असा प्रश्न विचारावा की ज्याचे उत्तर थेट वर्गात येण्यापूर्वी लिहून आणावे लागेल. थेट वर्गाचा वेळ मग चर्चेसाठी व अडचणींसाठी मोकळा राहतो.

तयार साधने विपुल आहेत आणि ती पुन्हा निर्माण करण्यात शक्ती घालवण्याचे कारण नाही. आयआयटी व भारतीय विज्ञान संस्था यांच्या एनपीटीईएल उपक्रमातील व्याख्यानमाला, स्वयम हे राष्ट्रीय व्यासपीठ, शिक्षण मंत्रालयाच्या व्हर्च्युअल लॅब्स उपक्रमातील आभासी प्रयोग आणि केंब्रिज विद्यापीठाच्या डॉइटपॉम्स संग्रहातील परस्परसंवादी पाठ व सूक्ष्मछायाचित्रे विनामूल्य उपलब्ध आहेत. स्फटिकरचना फिरवून पाहण्यासाठी व्हेस्टा, छायाचित्रांवर मोजमाप करण्यासाठी इमेजजे या विनामूल्य संगणक-प्रणाली पुरेशा आहेत. मात्र ‘हा दुवा पाहा’ एवढे सांगून भागत नाही. प्रत्येक साधनासोबत विद्यार्थ्याने काय करून काय सादर करायचे, हे दोन ओळींत लिहून द्यावे. उदाहरणार्थ, प्रत्येकाला वेगळे सूक्ष्मछायाचित्र देऊन त्यावर ज्ञात लांबीची रेषा आखायला सांगावी, ती किती कणसीमा ओलांडते ते मोजून कणांचा सरासरी आकार काढायला सांगावा, आणि तीच मोजणी दुसऱ्या दिशेने केल्यावर उत्तर का बदलले याचे कारण विचारावे. येथे एक खबरदारी आवश्यक आहे : छायाचित्रावर ‘100 पट’ असे लिहिलेले असले तरी मोबाइल, लॅपटॉप आणि भिंतीवरचा पडदा यांवर त्याचा आकार निरनिराळा असतो, त्यामुळे प्रत्येक चित्रावर मायक्रोमीटरमधील मापनरेषा असलीच पाहिजे आणि मोजणी तिच्याच आधारे झाली पाहिजे.

ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांचा विचार आरंभीच करावा. अनेकांकडे केवळ मोबाइल असतो, जोडणी अस्थिर असते आणि डेटा मोजूनमापून वापरावा लागतो. म्हणून चित्रफिती कमी आकारात उतरवून घेण्याजोग्या ठेवाव्यात, त्यांच्या लिखित टिपा सोबत द्याव्यात, थेट वर्गातील हजेरीवर गुण ठेवू नयेत आणि शंका विचारण्यासाठी मजकूर पाठवण्याचा साधा मार्ग कायम खुला ठेवावा.

घरी करण्याचे प्रयोग

हाताच्या अनुभवासाठी घरातील वस्तू पुष्कळ आहेत. सायकलचे सारख्या आकाराचे छर्रे सपाट ताटात एकाच थरात पसरून ताट हलकेच हलवले, की सुबक रांगांचे ‘कण’, त्यांच्यामधील सीमा आणि रिकाम्या जागा स्पष्ट दिसतात. ब्रॅग आणि नाय यांनी 1947 मध्ये साबणाच्या सूक्ष्म बुडबुड्यांच्या थरातून हेच दाखवले होते, आणि तो बुडबुड्यांचा प्रयोग मत्स्यपेटीच्या हवापंपाला बारीक सुई जोडूनही करता येतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीवर किंवा पत्र्यावर दिसणारी चमकदार नक्षी म्हणजे जस्ताचे प्रत्यक्ष कणच असल्याने, सूक्ष्मदर्शकाशिवाय कणरचना पाहण्याची ती सर्वांत सुलभ जागा आहे.

दुधाच्या रिकाम्या पिशवीच्या दोन पट्ट्या एकमेकींशी काटकोनात कापून सावकाश ताणल्या, तर पट्टी एका ठिकाणी बारीक होत जाते व तो बारीक भाग पसरत जातो, कारण बहुवारिकाच्या, म्हणजे एकाच रासायनिक एककाच्या पुनरावृत्तीने बनलेल्या द्रव्याच्या, लांब साखळ्या ओढीच्या दिशेला लागतात; झटक्याने ओढली तर ती फाटते. रबरी पट्टी चटकन ताणून ओठांना लावली तर ती कोमट लागते, आणि ताणलेल्या स्थितीत तिला उष्णता दिली तर ती आखडते. धातूच्या अगदी उलट असलेले हे वर्तन साखळ्यांच्या विस्कळीतपणाशी, म्हणजे एन्ट्रॉपीशी, जोडून शिकवावे. कागदाला लावण्याच्या दहा सारख्या क्लिपा घेऊन त्या ठरावीक कोनात वाकवत, प्रत्येक किती आवर्तनांनी तुटते ते नोंदवायला सांगावे, आणि सर्व वर्गाच्या नोंदी एका तक्त्यात एकत्र कराव्यात. सारख्या दिसणाऱ्या वस्तूंचे आयुष्य किती विखुरलेले असते, हे विद्यार्थ्याला स्वतःच्या आकड्यांतून दिसते आणि सुरक्षेचा गुणक का घ्यावा लागतो ते उमगते. ज्वाला, आम्ले आणि वीज यांचे प्रयोग मात्र घरी सोपवू नयेत. ते अध्यापकाने प्रयोगशाळेत करून त्यांची चित्रफीत द्यावी आणि प्रत्यक्ष वर्ग भरताच विद्यार्थ्यांकडून करून घ्यावेत.

द्रव्याची निवड : शिकलेले वापरण्याची जागा

सत्राच्या उत्तरार्धात द्रव्यनिवडीचा अभ्यास ठेवल्यास सुटे वाटणारे घटक एकत्र येतात. केंब्रिज विद्यापीठातील मायकेल ॲश्बी यांनी रूढ केलेल्या पद्धतीत भागाचे कार्य आधी ठरवून त्यावरून गुणधर्मांचे एक गुणोत्तर काढले जाते आणि ते जास्तीत जास्त असलेले द्रव्य शोधले जाते. हलक्या पण ताठ ओढदांडीसाठी यंगचा गुणांक भागिले घनता हे गुणोत्तर लागते. पोलादासाठी, गिगापास्कल आणि ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर या एककांत, ते सुमारे 26.8 आणि ॲल्युमिनियमसाठी सुमारे 25.9 येते, म्हणजे ॲल्युमिनियम वापरून जवळजवळ काहीच साधत नाही. वाकणाऱ्या हलक्या तुळईसाठी मात्र गुणांकाचे वर्गमूळ भागिले घनता घ्यावे लागते. तेव्हा पोलादासाठी सुमारे 1.85, ॲल्युमिनियमसाठी 3.1 आणि तंतूंच्या दिशेने 10 गिगापास्कल गुणांक व 0.6 घनता असलेल्या लाकडासाठी सुमारे 5.3 अशी उत्तरे येतात आणि क्रम पूर्ण बदलतो. ‘सर्वांत चांगले द्रव्य कोणते’ हा प्रश्न कार्य सांगितल्याशिवाय निरर्थक आहे, हे एवढ्या आकडेमोडीने सिद्ध होते. त्यानंतर किंमत, उपलब्धता, जोडणीची सोय, पुनर्वापर आणि उत्पादनाला लागणारी ऊर्जा या कसोट्या एकेक करून लावाव्यात.

मूल्यमापन

विद्यार्थी परीक्षेसाठी जे करतो तेच शिकतो, हे सत्य मान्य करून परीक्षा बदलली नाही, तर वरील सर्व प्रयत्न शोभेचे ठरतात. राष्ट्रीय प्रत्यायन मंडळामार्फत भारत 2014 मध्ये वॉशिंग्टन कराराचा स्थायी सदस्य झाल्यापासून अभ्यासक्रमाची फलिते लिहिणे महाविद्यालयांच्या अंगवळणी पडले आहे. पण फलितात ‘विश्लेषण करता येईल’ असे लिहून प्रश्नपत्रिकेत ‘तापानुशीतन म्हणजे काय ते लिहा’ असे विचारले, तर फलित कागदावरच राहते. त्याऐवजी असे विचारावे : एका कारखान्यात पाणी दिलेल्या पोलादी पिना बसवताना तडकत आहेत, त्यांची कठिनता व सूक्ष्मछायाचित्र सोबत दिले आहे, तर कारण सांगून कोणता पुढील उपचार सुचवाल आणि त्याने कोणता गुणधर्म कमी होईल? अशा प्रश्नाचे उत्तर पुस्तक उघडे ठेवूनही उतरवता येत नाही, म्हणून ऑनलाइन परीक्षेतही तो टिकतो.

ऑनलाइन मूल्यमापनात नक्कल रोखण्यासाठी पाळतीच्या साधनांवर विसंबण्यापेक्षा प्रत्येकाला वेगळी माहिती देणे परिणामकारक आहे : ताणचाचणीचे वेगवेगळे कच्चे आकडे, वेगळी छायाचित्रे, वेगळे कार्बनप्रमाण. त्याच्या जोडीला पाच मिनिटांची तोंडी परीक्षा घेऊन स्वतःच्याच उत्तरातील एका पायरीचे कारण विचारावे. याशिवाय दर आठवड्याला अल्प गुणांची, मागील घटकांवरही प्रश्न असलेली छोटी चाचणी घ्यावी, कारण पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून लिहिण्याने शिकलेले अधिक काळ टिकते, असे रोडिगर व कार्पिकी यांच्या 2006 मधील प्रयोगांनी दाखवून दिले आहे.

भाषेबाबतही धोरण हवे. अभियांत्रिकीचे शिक्षण मराठीसह भारतीय भाषांतून देण्याची वाट 2021-22 पासून खुली झाली आहे, आणि इंग्रजी माध्यमाच्या वर्गातही संकल्पना मराठीत समजावून पारिभाषिक संज्ञा प्रचलित रूपात वापरणे अनेकांना उपकारक ठरते. चर्चा कोणत्याही भाषेत होवो, कारण सांगताना वाक्य पूर्ण असले पाहिजे एवढाच आग्रह धरावा.

हे सारे बदल एकाच सत्रात करण्याचा हव्यास धरू नये. पहिल्या सत्रात एका घटकाचे पाठ नव्याने बांधावेत, त्यासाठी चार-पाच संकल्पना-प्रश्न, एक घरचा प्रयोग आणि परीक्षेचा एक नवा प्रश्न तयार करावा, विद्यार्थ्यांची उत्तरे जपून ठेवून पुढील सत्रापूर्वी ती वाचावीत आणि मगच दुसऱ्या घटकाला हात घालावा. तीन-चार वर्षांत संपूर्ण अभ्यासक्रम बदललेला असतो आणि प्रत्येक बदल अनुभवाने तपासलेला असतो. यश मोजण्याची कसोटीही साधी आहे. सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यापुढे त्याने कधी न पाहिलेला एखादा धातूचा भाग ठेवावा. तो कशाचा आहे, कसा घडवला, आत काय आहे आणि वापरात त्याच्यावर काय बेतले, हे प्रश्न त्याने याच क्रमाने आणि न सांगता विचारले, तर विषय शिकवला गेला असे समजावे, आणि विचारले नाहीत, तर पुढील सत्राची आखणी नेमकी कोठून सुरू करायची ते अध्यापकाला कळलेले असते.